तेरा गाठींची दोरी

आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या कचेरीत, घड्याळाखालच्या खिळ्याला, काळ्या लोकरीची एक दोरी टांगलेली आहे. नवा माणूस विचारतोच, ही कशाची? मी सांगतो, डॉक्टर होण्याची. माणूस हसतो. हसू द्या. पंचक्रोशीतली सहा-सात पोरं ही दोरी बघून आपले कागद जुळवून गेली आणि त्यातली तिघं मेडिकलला लागली. प्रवेशाला कागद लागले चौदा आणि दोरीला गाठी आहेत तेरा. त्या राहिलेल्या एका गाठीपायी माझं किती रक्त आटलं ते माझं मला ठाऊक.

दोरी सटव्याची, काम झाल्यावर मी मागून घेतलेली. सटवा जातीनं धनगर. तलवाड्याच्या अलीकडं आमचं गाव आहे, गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे आणि माळावर सटव्याचं घर. चार एकर कोरडवाहू, मेंढरं आणि चार-पाच ढोरं. शाळेची पायरी चढलेला नाही, पण दीडशे मेंढरांत कुठली कुणाची, हे नुसतं तोंड बघून सांगतो. हातात सदा चाती, तिच्यावर लोकर कातत बोलायचं. लक्षात ठेवायचं काही असलं की त्याच लोकरीच्या दोरीला गाठ मारायची. गाठ मारली म्हणजे ते काम होणार, यात गावात कुणाला शंका नव्हती.

मात्र या माणसाची एक खोड होती. काहीही मोजून विचारलं की खरा आकडा सांगायचा नाही. साठ मेंढरं असली तर म्हणायचा एकोणसाठ. त्याचा बापही तसाच होता. "एक सोडायचं असतंय, नाना," एवढंच सटवा म्हणायचा. मी बबनराव, गावाचा नाना, तीस वर्षं सोसायटीचा सचिव, माझा जन्म रकाने भरण्यात गेला. मला असली माणसं बघितली की डोकं फिरतं.

दोन हजार अठराला पावसानं तोंड फिरवलं. पुढच्या मार्चात विहिरी खडखडीत झाल्या आणि आमच्या सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी चालवायला घेतली. सटव्याचा पोरगा भारत मेंढरं घेऊन चुलत्याबरोबर गोदाकाठाला गेलेला. सटवा ढोरं घेऊन छावणीत आला. बरोबर बायको कडूबाई आणि धाकटी पोरगी मनकर्णा. मी टेबल टाकून नोंदी करत होतो.

"जनावरं किती?"

"चार," सटवा म्हणाला.

त्याच्या मागं पाच उभी होती. सगळ्यात पुढं चांदी नावाची पांढरी गाय, गावातली सगळ्यात दुधाळ, माझ्याकडं बघत होती.

"सटव्या, मला डोळे हायेत बे. पाच हायेत."

"चारच लिवा, नाना."

"अरे, चारा जनावरामागं मिळतोय! चार लिवले तर एक उपाशी ऱ्हाईल."

"त्यातलंच वाटून घालतो की."

छावणी म्हटली की लोक एकाचे दोन सांगतात, असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. पाचाचे चार सांगणारा हा पहिलाच. वाद घालता घालता मागं पन्नास माणसांची रांग लागली, तेव्हा मी संतापून चार लिहिले आणि विचारलं, "लेकरं किती?"

"दोन. तारा आन भारत."

तारा थोरली, चौसाळ्याला दिलेली. भारत मेंढरांमागं. आणि तिसरी, मनकर्णा, पुस्तकांची पिशवी छातीशी धरून त्याच्या शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. कडूबाई पुढं झाली. "तीन लिवा, नाना. ह्यास्नी कावून इचारता तुमी?"

मी तीन लिहिले. पण मनात म्हटलं, धाकटी पोरगी झाली म्हणून बाप तिला मोजतसुद्धा नाही, आणि हा माणूस गावात देवमाणूस म्हणून फिरतो. त्या दिवशी मला सटव्याचा खरोखर राग आला होता.

मनकर्णा हुशार पोर. गेवराईच्या कॉलेजातून आदल्या वर्षी बारावी झाली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत उत्तम गुण. पण नीटच्या परीक्षेत थोडक्यात हुकली. लातूरला क्लासला जायचं ठरत होतं, तेवढ्यात दुष्काळ आला आणि लातूर राहिलं. मग ती बापाजवळ घरीच आणि मार्चपासून छावणीत अभ्यासाला बसली. बैलगाडीच्या जुवाला ताडपत्री बांधलेली, खाली पोतं, पोत्यावर पुस्तकं. ती मोठ्यांदा वाचायची आणि शेजारी सटवा कातत बसायचा.

"पोटाचं काय म्हन्लीस?"

"माणसाला एकच जठर असतंय, आबा."

"एकच? गाईला चार कप्पे. माणसाला एकच दिलं, म्हून त्याला काई पचत न्हाई."

असं त्यांचं दिवसभर चालायचं. तिनं प्रश्न वाचायचा, त्यानं मेंढीचं उत्तर द्यायचं, तिनं हसून माणसाचं शोधायचं. मी चाऱ्याची गाडी उतरवून घेताना ऐकायचो. तिला दुसरा गुरू नव्हता आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता.

एकदा गेवराईला गेलो होतो, तेव्हा नेट कॅफेतून आदल्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका छापून आणली. तब्बल चाळीस पानं. मनकर्णाला म्हटलं, "तू अभ्यास कर. कागदपत्राचं मी आन तुझा बाप बघतो. तीस वर्सं हेच केलंय म्या." आणि संध्याकाळी, ढोरांना उसाचं वाढं टाकून झाल्यावर, मी बाजेवर बसून सटव्याला नियम वाचून दाखवायला लागलो.

आधी पात्रता. एकतीस डिसेंबरला सतरा वर्षं पुरी पाहिजेत. पोरगी एकोणिसाची, झालं. तिन्ही विषयांत मिळून राखीवला शंभरात चाळीस, खुल्याला पन्नास. तिला ऐंशीच्या वर. दहावी-बारावी महाराष्ट्रातली पाहिजे. बारावी मराठवाड्यातली असली तर सत्तर टक्के जागा मराठवाड्याच्याच पोरांना. "म्हंजी लातूरला गेली न्हाई ते बरंच झालं?" सटव्यानं विचारलं. मी म्हटलं, "येड्या, लातूर मराठवाड्यातच हाय."

मग अभ्यासक्रम. साडेचार वर्षं शिक्षण, वर एक वर्ष दवाखान्यात उमेदवारी.

"साडेपाच वर्सं!" सटव्याची चाती थांबली. "नाना, मेंढी पाच म्हयन्यात व्याती."

"मेंढी कोकरू देती. हितं डॉक्टर घडवायचा हाय."

हजेरीचा नियम वाचला. वर्गात पंचाहत्तर टक्के, प्रात्यक्षिकाला ऐंशी. "शंभरातले ऐंशी दिस," मी उलगडून सांगितलं.

"मंग बाकीचे ईस दिस काय करायचं?"

"आजारी पडायचं."

"डाक्तरच्या कालेजात ऱ्हाऊन आजारी पडायचं? लोक काय म्हन्तील?"

आणि शेवटी तो बंधपत्राचा नियम. शिकून झाल्यावर एक वर्ष खेड्यात सेवा करायची, नाहीतर दंड. सटव्यानं चाती खाली ठेवली. "ती खेड्यातच हाय की, नाना. खेड्यातल्या पोरीला खेड्यात धाडायला कागद कावून लागतोय?"

मग कागद. मी एक-एक वाचत गेलो आणि तो गाठ मारत गेला. नीटचं प्रवेशपत्र, गाठ. दहावीचं, गाठ. अधिवास, गाठ. जातीचा दाखला, गाठ. जात पडताळणी म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा घंटा गेला, पण गाठ बसली. पुढं गॅपचा कागद आला.

"बारावीनंतर मधी एक वरीस वाया गेलं आसंल, तर त्याचं शपथेवर लिवून द्यायचं. पोरगी वर्सभर कुठं व्हती, काय करत व्हती."

"हितंच व्हती की," सटवा म्हणाला. "माज्यापशी."

"ते मला म्हाईत हाय. कागदावर पाहिजे." मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. झालेल्या गाठी मी मोजल्या नाहीत. एवढी एक गोष्ट मी तीस वर्षांत पहिल्यांदा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तिका टेबलावर ठेवून मी पाण्याचा टँकर बघायला गेलो. परत येतो तर चांदी पुस्तिका चघळत उभी. चारा चौघांचा, वाटून खाणार पाचजण. सगळ्यात मोठ्या पोटाची भूक उरलेली. अडतीस पानं गेली. उरली दोन, त्यातलं एक मुखपृष्ठ. मी सटव्याला नाही नाही ते बोललो आणि लाल शाईनं रजिस्टरात चारचे पाच केले. मनकर्णा म्हणाली, "नाना, म्या मोबाईलवर पुन्ना बघते." मी तोऱ्यात म्हटलं, "काई गरज न्हाई. तुझ्या बापाच्या दोरीत सगळं हाय. कागद गाय खाईल, दोरी कोन खातंय?"

मग मार्च ते जून मी आणि सटवा कागदांमागं हिंडलो. कागद हाती आला की तो त्या गाठीला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा. सगळ्यात अवघड गेली पडताळणी. एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा पुरावा पाहिजे, आणि यांच्या घरात शाळेत गेलेली पहिली पिढी म्हणजे ही पोरंच. शेवटी माझ्याच कपाटात, सोसायटीच्या जुन्या सभासद रजिस्टरात, सटव्याच्या आज्याचं नाव सापडलं: आश्रुबा, जात धनगर, धंदा मेंढरं. दुसरे आणखी दोन पुरावे जोडून काम झालं. सांगायला लाज कशाला, त्या दिवशी मी कचेरीत एकटाच नाचलो.

मेच्या पाच तारखेला परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला आणि जुलैत यादी आली. मनकर्णाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. छावणीत कडूबाईनं गुळाचा चहा केला, सगळ्या दावणींना वाटला. तेराच्या तेरा गाठी लाल झाल्या होत्या.

रुजू व्हायला आठ दिवसांची मुदत होती. हे आठ दिवस कुणी खाल्ले म्हणाल, तर मीच. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, सगळ्यांवर शिक्के, सगळ्यांना अनुक्रमांक, हा माझाच हट्ट. एका शिक्केवाल्या साहेबाची दोन दिवस वाट बघितली. असं करत आम्ही तिघं अंबाजोगाईला पोचलो ते शेवटच्या दिवशी, दुपारी तीन वाजता. खिडकी पाचला बंद होणार होती. जो आला नाही त्याची जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला.

खिडकीशी एक मॅडम बसल्या होत्या. एक-एक कागद बघून खूण करत होत्या. तेरा खुणा झाल्या. मी सटव्याकडं बघून मिशीला हात लावला.

"गॅपचं ॲफिडेव्हिट?"

"काय?" मी म्हणालो.

"बारावी अठराची. प्रवेश एकोणीसचा. मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र लागेल. यादीत आहे ते." मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. "पाचच्या आत आणा, मी घेते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

साडेतीन वाजले होते. मी सटव्याच्या खांद्याला धरून त्याला भिंतीशी नेलं. "बे सटव्या! म्या तुला वाचून दाखिवलं व्हतं. गाठ कुठाय?"

त्यानं खिशातून दोरी काढली, बोटानं चाचपली आणि हळूच म्हणाला, "ती सोडलेली हाय, नाना."

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिघांनी रिक्षा केली आणि तहसील गाठली. तिथं लिंबाखाली तात्याबा नावाचा म्हातारा टाइपरायटर घेऊन बसलेला. स्टँपपेपर आणला, नोटरीवाले वकील शेजारच्याच टपरीत होते. तात्याबानं कागद चढवला आणि बोटं उचलून विचारलं, "खंड पडायचं कारण?"

"दुष्काळ लिवा," मी म्हटलं. "दुष्काळामुळं वर्स वाया गेलं."

"वाया न्हाई गेलं," सटवा म्हणाला.

तेव्हा मनकर्णा फुटली. "न्हाई गेलं तर मंग गाठ कावून न्हाई मारली, आबा? तासाभरात माजी सीट जाईल! तुमी मला कवाच मोजीत न्हाई. कुनीबी इचारलं की तारा आन भारत. म्या कोन हाय? आता माजा कागदबी मोजला न्हाई!" आणि ती भर तहसिलीत रडायला लागली.

सटवा गोंधळला. दोरी या हातातून त्या हातात करत राहिला. मग तिच्याकडं न बघता बोलला.

"मोजलं की नजर लागती, बाय. माजा बाप म्हनायचा, कळपातलं समदं मोज, पन एक सोड. जे गेलं तर आपुन जगनार न्हाई, तेवढं सोड. ते देवालाबी दाखवू नगं." त्यानं दोरी मुठीत धरली. "पाच ढोरांत चांदी सोडली. चौदा कागदांत ते वरीस सोडलं. सबंद वरीस तू माज्यापशी बसून वाचत व्हतीस. आसं वरीस म्या जल्मात बघितलं न्हाई. त्याला गाठ कशी मारू?"

"आन लेकरांत?" मनकर्णानं विचारलं, जरी तिला उत्तर कळलं होतं.

"लेकरांत तुला सोडली," सटवा म्हणाला.

मी मार्चपासून या माणसाला मनात शिव्या घालत होतो आणि चांदी मात्र माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. गावातली सगळ्यात चांगली गाय तो आकड्यातून गाळतो, हे बघूनही मला अक्कल आली नाही. राग कुठं गेला, कळलंच नाही.

"रडायचं मागून," तात्याबा म्हणाला, पण त्यानं चष्मा काढून पुसला. "चार वाजून गेले. पोरी, सांग काय लिहू?"

मनकर्णानं हातानंच तोंड पुसलं आणि स्वतः सांगितलं. तात्याबानं खडखड करत बसवलं: सदर वर्षात मी कुठेही प्रवेश घेतला नसून, वडिलांसोबत घरी व नंतर चारा छावणीत राहून परीक्षेचा अभ्यास करीत होते. वकिलांनी वाचलं, एकदा तिच्याकडं आणि एकदा सटव्याकडं बघितलं, सही घेतली आणि शिक्का मारला. फी मात्र पुरती घेतली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही खिडकीशी धापा टाकत उभे होतो. मॅडमनी कागद घेतला, चौदावी खूण केली आणि एक फॉर्म पुढं सरकवला. "आता एवढी माहिती भरून द्या. पालक कोण? बाबा, पुढं या."

मनकर्णानं पेन घेतलं. मॅडम विचारत गेल्या, सटवा सांगत गेला, ती लिहीत गेली. नाव. गाव. धंदा.

"अपत्यं किती?"

सटव्याच्या कपाळाला घाम फुटला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतल्या मॅडमकडं, मग हातातल्या दोरीकडं. पोरीच्या कामात पुन्हा खोट यायला नको, एवढं त्याला कळत होतं. तोंड उघडलं पण तीन हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. मी मध्ये बोलणार होतो, तेवढ्यात मनकर्णानं बापाच्या दंडाला हात लावला. ती हसत होती.

"आबा, तुमी दोनच सांगा," ती म्हणाली. "म्या तीन लिवते."

सटव्यानं खिडकीपाशी तोंड नेलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं सांगितलं, "दोन."